प्रश्न तुमचे : अ‍ॅम्प कुठे बनला, आणि कसा बनला

प्रश्न : नमस्कार ताई. मी बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे एका अमेरिकन कंपनीचं नव्वदच्या दशकातलं हेड (स्पीकर नसलेला, नुसता अ‍ॅम्पचा डबा) आहे. अजून ठणठणीत चालतं, पण आता ते उचलवत नाही. त्याच कंपनीचं नवं, हलकं हेड घ्यायचं मनात आहे. मागच्या पट्टीवर मात्र ‘मेड इन चायना’ लिहिलंय. आमचा गिटारवाला म्हणतो, उत्पादन बाहेर गेल्यापासून या कंपन्यांनी माती खाल्ली, तू जुनंच दुरुस्त करून वापर. यात तथ्य किती आणि पूर्वग्रह किती?

उत्तर : तथ्य आहे, पण तुमचा मित्र बोट भलतीकडे दाखवतोय. कंपनीने कारखान्याकडे काय किमतीत, कुठले पार्ट घालून आणि कशी तपासणी करून माल मागितला, यावर अ‍ॅम्पचा दर्जा ठरतो. पट्टीवरच्या देशाच्या नावावरून यातलं काहीच कळत नाही.

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एकदा एकाच मॉडेलची दोन हेड शेजारी शेजारी आली होती. एक कंपनीच्या मूळ देशात बनलेलं, दुसरं उत्पादन बाहेर नेल्यानंतरचं. पुढची पट्टी, नॉब, सर्किट, सगळं तेच. झाकणं काढली तेव्हा फरक दिसला. जुन्यात इनपुटचा जॅक लोखंडी नटाने चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, आवळलेला होता आणि तिथून वायरने बोर्डापर्यंत जोडणी होती. नव्यात जॅक थेट बोर्डावर सोल्डर केलेला, बाहेरून प्लास्टिकचा नट. जुन्यात मोठे फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठा सपाट ठेवणारे) क्लिपने धरलेले आणि १०५ अंशांचे, म्हणजे १०५ अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता सोसणारे. नव्यात तीच व्हॅल्यू, पण ८५ अंशांचे, दोन पायांवर नुसते उभे, बुडाशी सिलिकॉनचा थेंबही नाही. आता या कपॅसिटरचं गणित असं की, तापमान दहा अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे तितक्याच तासांची हमी असलेला १०५ अंशांचा कपॅसिटर त्याच उष्णतेत ८५ अंशांच्या कपॅसिटरच्या चौपट टिकायला हवा. अशा एका पार्टमागे वाचणारे पैसे किरकोळ असतात. हजारो नगांवर मात्र ती रक्कम हिशेबात दिसते, आणि ही काटछाट कोणीतरी टेबलाशी बसून मंजूर केलेली असते.

दुसऱ्या हेडची तक्रार होती, आवाज वाढवला की मध्येच गायब होतो. भिंगाखाली जॅकच्या पायाभोवती केसाएवढी बारीक गोल चीर दिसत होती. लाकडी काडीने हलकेच टोकलं की आवाज जायचा, पुन्हा टोकलं की यायचा. केबल ओढली जाईल तेव्हा सगळा ताण त्या सोल्डरवर. शिवाय हा बेसचा अ‍ॅम्प. खालची ई तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बेसची खालची बी ३१ च्या आसपास. हेड बहुतेक वेळा कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या खोक्याच्या, डोक्यावरच ठेवलेलं असतं, म्हणजे गाणंभर त्याला हादरे बसतात. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये जी कमजोरी वर्षानुवर्षं झाकून राहील ती बेसच्या अ‍ॅम्पमध्ये लवकर उघडी पडते. कागदावरचे वॉट मी नंतर बघते, आधी जोडणी कशी धरून ठेवलीय ते बघते.

त्या चिरेचा दोष मी लाइनवर बसलेल्या कामगाराला देणार नाही. त्याचे सोल्डरचे डाग चांगले होते. जॅक बोर्डावर बसवायचा हे ड्रॉइंगमध्येच होतं. इलेक्ट्रॉनिक जोडणी कशी असावी यासाठी उद्योगात आयपीसी-ए-६१० नावाचं मानक वापरतात. त्यात तीन वर्ग आहेत, सामान्य वापराच्या वस्तूंपासून जिथे बंद पडून चालतच नाही अशा उपकरणांपर्यंत. कुठला वर्ग हवा हे ऑर्डर देणारा ठरवतो. फिल जोन्स बेस ही कंपनी आपले अ‍ॅम्प चीनमध्येच बनवते आणि बेस वाजवणाऱ्यांत त्यांना मान आहे.

उत्पादन दूर गेल्याने खरं नुकसान होतं ते अंतरामुळे. डिझाइन करणारा आणि जोडणारा एकाच छपराखाली असले, की एखाद्या खेपेचे ट्रान्सफॉर्मर जास्त गुणगुणतात हे टेस्टिंगवाला त्याच दिवशी जाऊन सांगतो. तोच माल जहाजाने यायचा असेल, तर पहिली तक्रार कंपनीच्या कानावर पडेपर्यंत पुढचे कंटेनर निघालेले असतात. मधल्या काळात एखादा पार्ट मिळेनासा झाला की त्याच्या जागी ‘समकक्ष’ पार्ट येतो. त्याची व्हॅल्यू तीच असते, पण आयुष्य तेवढं असेलच असं नाही. तपासणी प्रत्येक नगाची न होता लॉटमधल्या काही नगांची होते. कंपनीने आपला माणूस कारखान्यात बसवून प्रत्येक हेड काही तास लोडवर (स्पीकरइतका भार जोडून) चालवून घेतलं, तर यातलं बरंच टळतं. पण त्याला खर्च येतो, आणि मुळात उत्पादन बाहेर नेलं ते खर्च वाचवायलाच.

मालकी बदलल्याचाही परिणाम होतो. अ‍ॅम्पेगचंच बघा. त्यांचा एसव्हीटी १९६९ मध्ये आला. ३०० वॉट, सहा आउटपुट ट्यूब (आवाजाला ताकद देणारे काचेचे व्हॉल्व्ह), नुसतं हेडच ३५ किलोच्या वर. पुढे कंपनी १९८६ मध्ये सेंट लुईस म्युझिककडे गेली, २००५ मध्ये लाउड टेक्नॉलॉजीजकडे, आणि त्यानंतर बरंचसं उत्पादन आशियात गेलं. २०१८ पासून ती यामाहा गिटार ग्रुपकडे आहे. इतके हात बदलल्यावर अमुक ठिकाणी जाड वायर का होती, तमुक स्क्रूखाली वॉशर का होता, हे सांगणारी माणसं उरत नाहीत. मग पुढचा हिशेबनीस तो वॉशर काढून टाकतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तो वॉशर एखाद्या बंद पडलेल्या कार्यक्रमानंतरच कोणीतरी घातलेला असतो.

आणखी एक गोष्ट गिटारवाल्याला जरूर सांगा. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशाच्या वापरावर बंधनं आली आणि सगळ्या जगाचं उत्पादन हळूहळू बिनशिशाच्या सोल्डरकडे वळलं. जुनं शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, नवं साधारण २१७ च्या पुढे. नव्या सोल्डरवर हात आणि यंत्रं बसायला वेळ लागला. त्या सुमाराच्या मालात ड्राय सोल्डर (नीट न धरलेलं) जास्त सापडतं, आणि उत्पादन बाहेर जाण्याचा काळही नेमका तोच. त्यामुळे सोल्डरचं खापरही देशावर फुटलं.

तुमच्या नव्या हेडबद्दल. ते हलकं आहे म्हणून हलक्या दर्जाचं समजू नका. स्विचिंग पॉवर सप्लाय (वेगाने चालू-बंद होऊन वीज पुरवणारा) आणि क्लास-डी (त्याच पद्धतीने आवाज मोठा करणारं सर्किट) आल्यामुळे जड ट्रान्सफॉर्मर गेला, म्हणून आता कित्येक हेड दोन-तीन किलोंत बसतात. यातले पॉवर मॉड्यूल कित्येकदा अ‍ॅम्पची कंपनी स्वतः बनवतच नाही. डेन्मार्कच्या आइसपॉवरसारख्या खास कंपन्यांकडून ती घेतली जातात. माझी चिंता वेगळी आहे. तुमच्या जुन्या हेडमधला जळलेला ट्रान्झिस्टर मी काढून दुसरा लावू शकते. नव्यात बोटाच्या पेरावर दहा मावतील एवढे पार्ट असतात, सर्किटचा नकाशा कंपनी देत नाही, आणि उत्तर येतं की पूर्ण मॉड्यूल बदला. ते मॉड्यूल आठ वर्षांनी मिळणार का? घेण्याआधी विक्रेत्याला हाच प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा. दुरुस्त न होणाऱ्या अ‍ॅम्पला मी चांगला म्हणत नाही, मग तो कुठेही बनलेला असो.

दुकानात आपला बेस घेऊन जा. हेड कॅबिनेटवरच ठेवायला सांगा, कार्यक्रमात वाजवता तेवढ्या आवाजात खालच्या तारेवर निदान अर्धा तास वाजवा. वाजवताना इनपुटची केबल हळूच वर-खाली हलवून बघा. खरखर आली, किंवा जॅकच आत-बाहेर हलला, तर ते हेड नको. आणि जुनं विकू नका. घरी ठेवा, बाहेरच्या कार्यक्रमांना नवं न्या.

प्रश्न : माझ्या जुन्या बेस अ‍ॅम्पमध्ये ६५५० ट्यूब आहेत. बदलायची वेळ आलीय. चिनी नकोत, अस्सल अमेरिकनच हव्यात. कुठल्या घेऊ?

उत्तर : या जातीच्या नव्या ट्यूब आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथेच बनतात. डब्यावर टंग-सोलसारखं जुनं अमेरिकन नाव दिसेल, पण नाव विकत घेतलेलं आहे, ट्यूब रशियातल्या साराटोवची. अमेरिकेत जोडलेल्या अ‍ॅम्पमध्येही याच ट्यूब बसतात. तिथल्या नियमानुसार ‘मेड इन यूएसए’ असं बिनशर्त लिहायचं तर वस्तू जवळजवळ पूर्णपणे तिथलीच असावी लागते, म्हणून पट्टीवर ‘असेंबल्ड’ हा शब्द आहे का ते नीट वाचा. तुम्ही मॅच केलेला (एकसारखी वीज ओढणाऱ्या ट्यूबचा) संच घ्या आणि बायस (ट्यूबमधून वाहणाऱ्या विजेचं प्रमाण) जाणकाराकडून लावून घ्या. आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो, म्हणून स्वतः उघडू नका.

प्रश्न : बाहेरच्या देशात बनलेलं नवं कॅबिनेट घेतलं. खालच्या सुरांना खडखडतं. स्पीकर खराब असेल का?

उत्तर : स्पीकरवर शेवटी या. बेसच्या खालच्या तारेवर एकेक पट्टी (फ्रेट) चढत जा आणि कुठल्या सुराला खडखडतं ते पकडा. तोच सूर धरून ठेवून दुसऱ्या कोणाला जाळी, हँडल, कोपरे आणि मागची जॅकची प्लेट तळहाताने एकेक करून दाबायला सांगा. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. मग स्पीकरचे स्क्रू बघा. ते प्लायवूडमध्ये लोखंडी टी-नटात (लाकडात मागून ठोकलेल्या, आट्यांच्या नटात) बसवलेले असतील तर समोरासमोरचे आवळत जा, काम होईल. भुसा दाबून केलेल्या बोर्डात साधे स्क्रू मारले असतील तर भोकं सैल होतात आणि पुन्हा आवळून उपयोग नसतो. तसं असेल तर वॉरंटीत परत द्या, नाहीतर सुताराकडून टी-नट बसवून घ्या. चुंबक निओडिमियमचं आणि चिनी आहे याची काळजी नको, जगातली बहुतेक तिथूनच येतात. एवढं करूनही खडखड राहिली, तर स्पीकर बाहेर काढून कागदी कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकला. कॉइल घासल्याचा आवाज आला, तर मात्र स्पीकर बदलावा लागेल.