लिपिड म्हणजे चरबी नव्हे हो!

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलंय की "टीबीचा जंतू आपल्या चरबीच्या जोरावर पांढऱ्या पेशीत घुसतो" असं कुठंतरी वाचलं, तर लिपिडला (म्हणजे तेलकट-मेणचट पदार्थांना) चरबी म्हणणं बरोबर का, की मेद म्हणायचं?

ताई, चरबी तर अजिबात नाही. हेच वाक्य फिरत फिरत आमच्या गल्लीत आलं तोवर त्याचं "टीबीवाल्याला तूप देऊ नका, जंतू चरबीवर वाढतो" असं झालेलं होतं. तिकडे सरकार निक्षय पोषण योजनेत पेशंटने नीट खावं म्हणूनच महिन्याला पैसे देतंय, २०१८ला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १००० केले, आणि इकडे घरचे त्याच्या ताटातलं तूप काढतात! चरबी म्हणजे साठा, बोकडाच्या पोटातली. मेद चालेल, पण मेद म्हटलं की लोकांना आधी ढेरीच दिसते.

लिपिड आला ग्रीक 'लिपोस'वरून, आणि हा लिपोस आपल्या 'लिप्' धातूचा भाऊबंद, म्हणजे लिंपणे, लेप, लिंपण सगळं त्याच घरचं. आणि इथं कामही लिंपायचंच चाललंय. जंतू श्वासातून फुप्फुसात जातो, तिथं मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, आलेलं गिळून मारायचं हे त्यांचं काम. जंतूच्या अंगावरच्या खुणांवरून त्या शत्रू ओळखतात. पण या जंतूच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पीडीआयएम नावाचं मेणचट लिपिड असतं, ते त्या खुणाच झाकून टाकतं. वर ते जंतूच्या अंगावरून सुटून मॅक्रोफेजच्या पातळ पडद्यात मिसळतं, पडद्याची घडणच बदलते, आत शिरणं सोपं होतं आणि ज्या पिशवीत जंतू कोंडला जातो ती फोडायलाही पुढे तेच कामी येतं. धाब्याच्या घराची भिंत लिंपतात तसं, फक्त इथं चोर स्वतःलाही लिंपतो आणि घरमालकाच्या भिंतीलाही. हे लिपिड नसलेला जंतू उंदरांच्या फुप्फुसात नीट वाढत नाही हे १९९९मध्येच दाखवून झालंय.

बेडक्याची स्लाइड बघितली असेल तर तिथंही लिपिडचाच प्रताप. लाल रंग टाकून खालून गरम करतात, मग ॲसिडने धुतात, बाकी सगळ्याचा रंग जातो, वरून निळा रंग देतात आणि त्या निळ्यावर या बारीक लाल काड्या तशाच राहतात. भिंतीतली मायकॉलिक ॲसिडं, तीही लिपिडंच, रंग सोडत नाहीत. आयसोनियाझिड ही टीबीवरची १९५२पासूनची गोळी नेमकं तेच ॲसिड बनू देत नाही.

पण खरी मजा पीडीआयएमच्या पूर्ण नावात आहे. फ्थायोसेरॉल डायमायकोसेरोसेट. घाबरू नका, फोडून बघा. 'सेर' म्हणजे ग्रीक 'केरोस', मेण, (आपल्या रॉकेलचं केरोसीन त्याच केरोसवरून). आणि 'फ्थायो' आला 'फ्थिसिस'वरून, म्हणजे झिजणं, खंगणं, जुने डॉक्टर टीबीला हेच नाव द्यायचे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ अँडरसन यांनी १९३०च्या दशकात या जंतूची मेणं वेगळी काढली, तेव्हा अशी फ्थाय-फ्थायवाली नावं पडली. आता ग्रीक 'फ्थि' आणि संस्कृत 'क्षि' शेजारी ठेवा. ग्रीक फ्थ आणि आपला क्ष, एकाच मुळाचे. म्हणजे फ्थायोसेरॉलचं सरळ मराठी काय, तर क्षयमेण! तेसुद्धा ओढूनताणून नाही, हाडामांसाचं नातं.

आणि हे माझं एकट्याचं खूळ नाही. ऋग्वेदात 'श्रवः अक्षितम्', होमरच्या इलियडमध्ये 'क्लेओस आफ्थितॉन', दोन्हीचा अर्थ न झिजणारी कीर्ती, जर्मन भाषाशास्त्रज्ञ आदाल्बर्ट कून यांनी १८५३मध्येच ही जोडी लावून दिली. तरी आपले काही पंडित "ग्रीकांनी आपला क्षय चोरला" म्हणून छाती फुगवतात. चोरी कसली, चुलत भाऊ आहेत ते, आजोबा एक. चुलतभावाला चोर म्हणायची आपली सवय बांधावरून शब्दकोशात आणू नका.

तर तो 'अक्षय' आपल्या खान्देशात कुठं आहे? आखाजीत, म्हणजे अक्षय्य तृतीयेत! क्षीरची खीर, क्षारचा खार, तसा अक्षय्यचा आखा. झोके बांधून गाणी म्हणणाऱ्या सासुरवाशिणींच्या सणाच्या नावात आणि टीबीच्या जंतूच्या मेणात एकच धातू बसलाय, याच्यापेक्षा भारी काय पाहिजे? आखाजी 'अख्खा'वरून आली असं ठासून सांगणारे आहेत, त्यांनी एकदा कालनिर्णयात वैशाख शुद्ध तृतीयेपुढं काय छापलंय ते वाचावं, बाकी वाद नंतर घालू.

ताईंचं राहिलंच. लिपिड लिहा, कोणी नाही ओरडत. मराठीच पाहिजे तर 'जंतूचं मेण' किंवा 'मेणचट लेप' लिहा. आणि घरात कोणी 'वाळी गया', म्हणजे खंगून वाळलेला, असेल तर त्याचं तूप सुरू ठेवा. आता योजनेच्या नावातलं 'निक्षय' व्याकरणाने निःक्षय पाहिजे, निःक्षत्रियसारखं, तो विसर्ग कोणी खाल्ला हे कोणाला माहीत असेल तर सांगा.