नोकरी सोडून अंबडला वर्कशॉप टाकतोय, धंद्यात नेमका त्रास कशाचा होतो?

मशीन कुठलं, लोन किती हे सगळं डीलर आणि बँकवाले तुम्हाला चहा पाजून सांगतील, त्यामुळे फक्त त्रासाचं लिहितो. माझं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देण्याचं, छोटं युनिट आहे.

काम मिळतं हो. झालेल्या कामाचे पैसे मागणं हे मात्र स्वतंत्र खातंच आहे आणि ते मालकालाच सांभाळावं लागतं. कायदा आपल्या बाजूने आहे, २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा, पैसे द्यायला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तक्रारीला सरकारचं ऑनलाइन पोर्टल. पण तक्रार करणार कुणाची, ज्याच्याकडून पुढचा पीओ (परचेस ऑर्डर) यायचाय त्याची? मग आपण परचेसच्या साहेबांना दिवाळीला मिठाईचा बॉक्स नेतो, "सर जरा अकाउंट्सला सांगा ना" करतो, आणि तिकडून उत्तर येतं की बिल सिस्टीमला दिसत नाहीये, परत मेल करा. इकडे दर महिन्याचं रिटर्न असेल तर २० तारखेला जीएसटी भरायचाच, बिलाचा रुपया आलेला नसला तरी. २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) हे कलम आलं, म्हणजे कंपनीने आपले पैसे वेळेत दिले नाहीत तर ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी तिला तो खर्च धरता येतो, त्यामुळे मार्चमध्ये तेच लोक स्वतःहून फोन करतात. या सगळ्याचा फायदा मिळायला उद्यम रजिस्ट्रेशन (सरकारकडे एमएसएमई म्हणून नोंदणी) लागतं, फुकट होतं, पहिलं बिल फाडायच्या आधी करून टाका, एजंटला पैसे देऊ नका.

दुसरं म्हणजे पोरं. चांगला ऑपरेटर उचल मागणारच, आणि नाही म्हटलं तर शेजारच्या गाळ्यात जातो, तिथे उचल मिळते. दिंडोरी-निफाडकडची पोरं द्राक्षं काढायला आली की घरी, बिहारची छटला गावी, चैत्रात निम्मे पायी वणीला. डिस्पॅच अडलाय म्हणून सांगून बघा. देवीला जाणाऱ्याला अडवणारा मालक नाशकात कुणाला आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ते जमत नाही.

नातेवाईक कामाला ठेवू नका. यावर जास्त लिहीत नाही, घरचे वाचतात.

तुमच्या घरात दुसरा पगार येतो का ते मात्र लिहिलेलं नाही, तेवढं कळवा, त्यावर बरंच अवलंबून आहे.