गिअर एकाच बाजूला अडतोय? मग स्क्रू फिरवू नका, केबल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेकंडहँड दोनचाकी रिकम्बंट (मागे रेलून, पाय पुढे ठेवून चालवायची सायकल) घेतली, मागे ९ चकत्यांची शिमानो कॅसेट. चढाला हलका गिअर बिनतक्रार पडतो. पण उताराला जड गिअर टाकायला गेलं की शिफ्टर (हँडलवरची गिअरची कळ) क्लिक होतो, चेन जागची हलत नाही, आणि दोन-तीन क्लिकनंतर एकदम दोन गिअर उडतात. दुकानात डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) दोन स्क्रू तीनदा फिरवून झाले, आता नवा डिरेलर घ्या म्हणतात. शिवाय पायाला बसावी म्हणून तुम्ही पुढचा बूम (ज्याच्या टोकाला पेडल असतात ती नळी) ६ सेंटिमीटर आत घेतलाय.

डिरेलर घेऊ नका, निदान या आठवड्यात तरी नको.

त्रास एकाच दिशेला आहे, यातच बरंच काही आलं. मोठ्या चकतीकडे चेन नेतो तो तुमचा हात. केबल जरा अडली तरी हात जोर लावतो आणि गिअर पडतो. लहान चकतीकडे जाताना मात्र शिफ्टर फक्त केबल सैल सोडतो, आणि ती मागे ओढून घ्यायचं काम डिरेलरमधल्या एवढ्याशा स्प्रिंगला करावं लागतं. केबल कुठे अडकत असेल तर ही स्प्रिंग हरते. चेनची दोन टोकांची हद्द ठरवणारे ते स्क्रू बिघडले असते तर टोकाच्या गिअरला चेन बाहेर पडली असती किंवा तिथपर्यंत पोचलीच नसती. मधल्या गिअरशी त्या दोन स्क्रूंचा संबंधच नाही.

साध्या सायकलीवर आउटरचे, म्हणजे केबलवरच्या आवरणाचे, लहान लहान तुकडे असतात, मधली केबल उघडीच धावते. आपल्या लोळणाऱ्या सायकलीवर ती हँडलवरून निघते, वळसा घेते, सीटखालून जाते, पुन्हा वळसा घेऊन डिरेलरला पोचते. दोन मीटर सहज होतात, त्यातली बरीचशी आउटरमधून. ९ स्पीड शिमानोला एका क्लिकमागे केबल जेमतेम अडीच मिलिमीटर सरकते. दोन मीटरच्या वाटेत एखादा मिलिमीटर हरवला तरी चेन दोन चकत्यांच्या मध्ये लटकते.

खात्री करायला दहा मिनिटं पुरतात. मागचं चाक उचलून धरा आणि पेडल फिरवायला घरातल्या कुणाला तरी पुढे बसवा. पेडल आणि डिरेलर यांच्यात एवढं अंतर असतं की एकट्याला दोन्हीकडे पोचता येत नाही. (एकटेच असाल तर सीटखालची चेन जुने हातमोजे घालून हाताने ओढा, पण बोटं चकतीपासून लांब ठेवा.) फ्रेमवर जिथे केबल उघडी दिसते तिथे ती धनुष्याच्या दोरीसारखी बाजूला ताणा. चेन मोठ्या चकतीवर चढेल. आता सोडा. खटकन खाली उतरली तर तिथून मागचा भाग निर्दोष, अडचण पुढे शिफ्टरकडच्या आउटरमध्ये. रेंगाळत उतरली तर डिरेलरपाशी वळणारा शेवटचा तुकडा बघा. तोही सोडवून डिरेलर नुसत्या हाताने ढकलून बघितला आणि तो चटकन परत आला, तर डिरेलरवरचा आरोप मागे घ्यायचा.

मग इनर, म्हणजे आतली तार, पूर्ण बाहेर काढा. माझ्या सायकलीवर हे केलं तेव्हा आउटरच्या तोंडातून आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं. सीटखाली आउटरला खोलगट झोळ होता आणि पावसाळाभरचं पाणी त्यात मुरत बसलं होतं. इनर तेवढ्या वीतभर भागातच गंजलेली, बाकी लखलखीत. दुसरा घोळ असा की त्या आधीच्या मेकॅनिकने गिअरची लांब आउटर मिळाली नाही म्हणून ब्रेकची लावली होती. दिसायला दोन्ही सारख्याच, पण ब्रेकच्या आउटरमध्ये पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ती दाबली जाते, आणि दोन मीटरमध्ये हे दबणं चांगलंच जाणवतं. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या, शेजारीशेजारी असतात. कापलेलं टोक बघितलं की लगेच कळतं. इनरची जाडीही बघून घ्या: गिअरची १.१ किंवा १.२ मिलिमीटर असते. ब्रेकची त्याहून जाड, ती आत घासते.

नवीन आउटर बसवताना टोक सरळ कापून कानशीने सपाट करा, आतल्या प्लास्टिकच्या नळीचं दबलेलं तोंड सुईने मोकळं करा आणि मगच टोपी घाला. हे न केल्याने नवी आउटरही जुन्यासारखी वागते. वळणं मोठी आणि थोडी ठेवा. मुख्य नळीवर केबल उघडी नेता आली तर जरूर न्या. आत ग्रीस भरू नका, आपल्याकडची धूळ त्यात मिसळून काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. स्टेनलेस इनर घ्या, आणि टँडेमसाठीची (दोघांनी चालवायच्या लांब सायकलीची) म्हणून मागा, नेहमीची बहुतेक आखूड पडेल.

आता बूम. तो ६ सेंटिमीटर आत गेला म्हणजे चेन जाताना ६ आणि येताना ६, अशी १२ सेंटिमीटर जास्तीची झाली. एक कडी १२.७ मिलिमीटरची, म्हणजे नऊएक कड्या उरतात. कड्या जोडीनेच निघतात, म्हणून ८ काढा. हे केलं नसेल तर पुढची लहान आणि मागची लहान चकती असताना चेन लोंबकळत असणार. काढल्यावर उलटंही तपासा: दोन्हीकडे मोठी चकती असताना डिरेलर पार ताणला जाता कामा नये. बूम घट्ट करताना तो जरासा फिरला तर पुढची चकती तिरकी उभी राहते आणि चेन पडायला लागते. समोरून डोळा लावून बघा.

अधूनमधून ‘टक’ होतं असंही तुम्ही लिहिलंय. मोजा. समजा चेन २९० कड्यांची, म्हणजे अडीच पाकिटांची आहे आणि पुढची चकती ३० दात्यांची, तर एक कडी साधारण दर पावणेदहा पेडलांनी त्याच जागी येते. टक त्याच हिशोबाने येत असेल तर कुठेतरी कडक कडी आहे, बहुधा सांध्याजवळ. दर पेडलाला येत असेल तर पुढच्या चकतीकडे किंवा पेडलकडे बघा. चेन ज्यातून जाते त्या प्लास्टिक नळीचं टोक कॅसेटच्या फार जवळ आलेलं नाही ना, हेही पाहून घ्या. तिथे चेनला आडवं हलायला मोकळीक लागते.

एक सवयीची गोष्ट. या सायकलीवर उभं राहून जोर लावता येत नाही, त्यामुळे सिग्नलला थांबण्याआधीच हलका गिअर टाकावा लागतो. कोथरूडला मी एकदा जड गिअरमध्ये अडकलो आणि मागच्या पीएमपी बसच्या हॉर्नने अख्खा चौक गोळा झाला. गिअर पडताना अर्धं पेडल हलकं सोडायचं, एवढं पायात बसलं की चेनही जास्त टिकते.

एवढं करूनही डिरेलर बदलायची वेळ आलीच तर आधी शिफ्टर कोणता ते बघा. जुना स्रॅमचा १:१ शिफ्टर (एका क्लिकला शिमानोपेक्षा जास्त केबल ओढणारा) आणि शिमानोचा डिरेलर यांची गाठ जुळत नाही.

आणि इनरचं उरलेलं टोक कापण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. हँडल वळताना आपोआप गिअर पडला तर आउटर आखूड आहे. मी आधी कापली आणि मग बघितलं, दुसरी इनर यायला तीन आठवडे लागले.