पावसाळ्यात घरात वाळणारे कपडे आणि कुबट वास

प्रश्न : आम्ही पाच माणसे डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. पुनर्विकासानंतर मिळालेल्या घराला गॅलरी नाही, त्यामुळे पावसाळ्यात सगळे धुणे झोपण्याच्या खोलीत वाळत घालावे लागते. खिडक्या बंद ठेवून पंखा जोरात लावला तरी कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, त्यांना कुबट वास येतो आणि दमा असलेल्या सासूबाईंना त्या खोलीत फार त्रास होतो. ड्रायर ठेवायला जागा नाही. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपली अडचण बंद खिडक्यांपासून सुरू होते. कपड्यांतले पाणी खोलीच्या हवेत जाते आणि ती हवा बाहेर पडली नाही, तर पंखा तीच ओली हवा कपड्यांवर पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. मी मध्यंतरी माझा टॉवेल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला. कोरडा असताना तो 420 ग्रॅम भरला आणि मशिनमधून पिळून निघाल्यावर 690 ग्रॅम. म्हणजे एकट्या टॉवेलात पाव लिटरहून अधिक पाणी होते. पाच माणसांच्या धुण्यातून दोन-तीन लिटर पाणी सहज हवेत उतरते, आणि दमट हवेत बुरशी व धुळीतले सूक्ष्म किडे वाढत असल्याने दमेकऱ्याच्या खोलीत धुणे मुळीच असू नये.

म्हणून आधी जागा बदला. न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा असेल तर आंघोळी आटोपल्यावर लादी कोरडी पुसून, दाराखाली फट ठेवून कपडे तिथे घाला. नसेल तर बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ घाला. स्वयंपाकघर मात्र टाळा, कारण फोडणीचा वास ओल्या सुती कपड्यांत हमखास बसतो. उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या चांगल्या वीतभर उघडा. जुलैत बाहेरची हवाही दमट असते हे खरे, तरी ओल्या कपड्यांनी भरलेल्या बंद खोलीइतकी ती कोंदट नसते. आमच्या आजोळी माजघरात वलणी इतकी उंच असे की कपडे काठीने चढवावे लागत, आणि त्यात शहाणपण होते, कारण उबदार हवा वर जाते. दोरीने खालीवर होणारा, छताला टांगायचा स्टँड आज तेच काम करतो आणि खालची जागाही मोकळी राहते. दोन कपड्यांत चार बोटे अंतर असावे. जीन्स उलटी करून कमरेची पट्टी उघडी राहील अशी टांगावी.

दुसरे असे की, पाणी कपड्यांतून जितके मशिनमध्येच निघेल तितके घरात कमी येईल. धुणे संपल्यावर फक्त पिळण्याचा फेरा पुन्हा एकदा लावा; त्याला लागणारी वीज किरकोळ असते आणि वाळण्याचा वेळ बराच वाचतो. धुणे रात्री न लावता पहाटे लावा, म्हणजे दिवसभराची ऊब आणि उघड्या खिडक्या दोन्ही हाताशी असतील. चादरी सगळ्या एकाच दिवशी न भिजवता रोज एक याप्रमाणे काढा.

वासाचे कारण जिवाणू आहेत. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू या कुबट वासाच्या मुळाशी असल्याचे जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले. तो साध्या धुण्यातून वाचतो आणि कपडा ओला राहिला की पुन्हा वाढतो. म्हणून वास धरलेले सुती टॉवेल, बनियन व चादरी, रंग जाणार नसेल तर, 60 अंशांच्या पाण्यात धुवा. सुगंधी कंडिशनरने वास नुसता झाकला जातो, शिवाय टॉवेल पाणी टिपेनासे होतात. धुणे झाल्यावर कपडे मशिनमध्ये तासन्‌तास ठेवू नका, आणि नंतर मशिनचे दार उघडे राहू द्या.

कपडा वाळला की नाही हे मधल्या कापडाला हात लावून ठरवू नका. शिवण, कॉलर, खिशाचे टोक आणि नाडीची पट्टी गालाला लावून पाहा. तिथे गारवा लागला तर तो कपडा घडी न घालता आणखी तासभर वाऱ्यावर राहू द्या.