फाशी झालेल्या मुलाची आई काय करू शकते?

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला गेल्या महिन्यात सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. बहीण चार घरी पोळ्या करते. दर सोमवारी ती राष्ट्रपतींना स्पीड पोस्टाने पत्र पाठवते आणि पावत्या हळदीच्या रिकाम्या डब्यात ठेवते. उत्तर येत नाही. आता काय करावे?
– एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, पत्रे तूर्त थांबवावीत, राष्ट्रपतींची पाळी अजून आलेली नाही. उच्च न्यायालयाच्या किमान दोन न्यायाधीशांनी कायम केल्याखेरीज ही शिक्षा अमलात येऊ शकत नाही. त्यासाठी प्रकरण आपोआप मुंबईला जाते, तरीही स्वतंत्र अपील करावेच. त्याची मुदत ३० दिवसांची आहे. ती उलटली असल्यास विलंबमाफीचा अर्ज जोडावा. मुलगा तुरुंगात असल्याने ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागताना उत्पन्नाची अट आड येत नाही.

वकिलाला भेटल्यावर बहुतेक आया ‘माझा मुलगा गुणी आहे’ एवढेच सांगतात, आणि तिथेच चुकते. मुलगा कसा वाढला, शाळा का सुटली, डोक्याला मार किंवा मनाचा आजार होता का, तुरुंगातले वर्तन कसे आहे, हे शिक्षा ठरवण्यापूर्वी तपासावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. घराची अब्रू म्हणून आजवर झाकलेले सारे बहिणीने वकिलाला सांगावे. शाळेचा दाखला आणि दवाखान्याचे जुने केसपेपरही शोधावेत.

तमिळनाडूच्या अर्पुतम्माळ यांचा मुलगा पेरारिवालन राजीव गांधी हत्येच्या खटल्यात १९९१ साली, १९व्या वर्षी पकडला गेला. १९९८ मध्ये त्याला फाशी सुनावली गेली. दयेचा अर्ज ११ वर्षे रखडून २०११ मध्ये फेटाळला गेला, फाशीची तारीखही ठरली, परंतु मद्रास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. याच विलंबामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फाशीची जन्मठेप केली आणि २०२२ मध्ये सुटकेचा आदेश दिला. आई एवढी वर्षे दारोदार फिरली. कोर्टात मात्र तारखांनी काम केले.

दयेच्या अर्जाची वेळ, आली तर, सर्वोच्च न्यायालयानंतर येते. तुरुंग अधीक्षकांनी निकाल कळवल्यापासून ३० दिवसांत तो करावा लागतो. आधी राज्यपालांकडे केल्यास आणि तिथे फेटाळला गेल्यास राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस मिळतात. हळदीचा डबा मोडीत काढू नका. यापुढे दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच त्यातच ठेवा.