बिनतंबाखूचा खर्रा चालेल का? आखडलेले तोंड पुन्हा उघडते का?

आपण विचारले आहे की दहा वर्षांचा खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण) सोडल्यावर आखडलेले तोंड पूर्वीसारखे उघडते का, आणि एकदम सोडणे जमत नसल्यास बिनतंबाखूचा घोटून घेतलेला चालेल का. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरी सहा वर्षे वाद चालू आहे.

माझी सुरुवात तोंड पोळण्यापासून झाली. ज्या तर्री-पोह्यांवर मी लहानाचा मोठा झालो त्यांचा घास घेववेना, तेव्हा ठेलेवाल्यानेच तिखट वाढवले असे समजून मी एकामागून एक तीन ठेले बदलले. पुढे पाणीपुरी तोंडात जाईना, म्हणून नागपूरच्या मेडिकल चौकातील शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितले. जेमतेम दीड गेली. पट्टीने मोजले तर २२ मिलिमीटर भरले, जे निरोगी माणसाचे साधारण ३५ ते ४५ असते.

मोठे बंधू म्हणाले, “दोष तंबाखूचा आहे, सुपारी तर आपण पूजेत गणपती म्हणून मांडतो.” पूजेतली सुपारी कोणी गालात धरून बसत नाही. तोंड आखडवते ती मुख्यतः सुपारीच : तिच्यातील अरेकोलीन या रसायनामुळे गालाच्या आतल्या आवरणाखाली कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू वाढतात, टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते सहजी विरघळत नाहीत, आणि गाल पांढुरका व ताठ होतो. तंबाखूने हिरड्या खचतात, पांढरे चट्टे आणि कर्करोग होतो, हे खरेच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली एकट्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. तेव्हा बिनतंबाखूचा खर्रा ही निव्वळ स्वतःची फसवणूक आहे.

खर्रा पूर्ण सोडून आणि आइस्क्रीमच्या काड्या दातांत रचून रोज व्यायाम करून माझे तोंड २६ पर्यंत आले आणि तिथेच थांबले. जळजळ मात्र बरीच कमी झाली. अर्थात तोंड कमी उघडण्यामागे अक्कलदाढ किंवा जबड्याचा सांधाही असू शकतो आणि प्रत्येक आखडलेल्या तोंडाचा कर्करोग होतोच असे नाही, म्हणून तपासणी आधी करावी. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर उद्याच जावे.

बंधू अजूनही गोड सुपारी चघळतात. तीन बोटे तोंडात घालून दाखवा म्हटले की विषय बदलतात.