बॅकअप सर्व्हरवरची प्रत मधेच का अडते?

प्रश्न : आमच्या फाइल सर्व्हरवर ४ टीबी डेटा आहे, फाइल्स लाखोंनी. रोज रात्री आरसिंकने (फाइल्सची प्रत दुसरीकडे जुळवत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने) तो दुसऱ्या सर्व्हरवर नेतो, पण काम सकाळपर्यंत संपत नाही. दोन्हीकडे झेडएफएस (डिस्कवर फाइल्स साठवणारी फाइल सिस्टीम) आहे. तिच्या सेंड-रिसीव्ह या कमांड, म्हणजे एकीकडून पाठवणे आणि दुसरीकडे घेणे, वापरावे का?

उत्तर : जरूर वापरा. दिवसभरात दहाच फाइल्स बदलल्या असल्या, तरी आरसिंकला दोन्हीकडच्या सगळ्या फाइल्सचा आकार आणि बदलाची वेळ पडताळावी लागते. रात्र या हजेरीतच जाते. झेडएफएसमध्ये ब्लॉक (डेटाचा तुकडा) केव्हा लिहिला गेला याची नोंद ब्लॉकच्या पॉइंटरमध्येच, म्हणजे तो कुठे आहे हे सांगणाऱ्या खुणेतच असते. दोन स्नॅपशॉटमधला (त्या त्या क्षणी गोठवलेल्या डेटाच्या स्थितींमधला) फरक काढताना जुने भाग उघडावेच लागत नाहीत.

आधी मूळ डेटासेटचा (झेडएफएसमधल्या डेटाच्या स्वतंत्र विभागाचा) स्नॅपशॉट घेऊन तो पूर्ण पाठवा. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी धरले तर ४ टीबीला दहा तास लागतील. १०० मेगाबिटच्या लाइनवर चार दिवसांहून जास्त. म्हणून पहिली फेरी दोन्ही सर्व्हर शेजारी ठेवून उरका आणि मगच बॅकअप सर्व्हर लांब हलवा. रिसीव्हला लहान ‘एस’ हा पर्याय द्या. लाइन तुटली तर रिझ्यूम टोकन मिळते आणि जिथे थांबले तिथून पुढे पाठवता येते. लहान ‘यू’ही द्या. सेंडला कॅपिटल ‘आर’ लावला की माउंटपॉइंटची (डेटासेट कोणत्या फोल्डरवर उघडायचा याची) सेटिंगसुद्धा सोबत जाते, आणि मूळ सर्व्हरचा माउंटपॉइंट बॅकअप सर्व्हरच्या चालू फोल्डरवर येऊन बसू शकतो. ‘यू’ दिल्यावर आलेला डेटासेट लगेच माउंट होत नाही. पण सर्व्हर रीबूट झाला की तो माउंट होऊ शकतो, म्हणून तिथे ‘कॅनमाउंट’ची किंमत ‘नोऑटो’ करा.

यानंतर रोज नवा स्नॅपशॉट घ्यायचा आणि लहान ‘आय’ वापरून कालच्या व आजच्या स्नॅपशॉटमधला फरक तेवढा पाठवायचा.

प्रश्न : आठवडाभर हे नीट चालले. मग ‘शेवटच्या स्नॅपशॉटनंतर डेस्टिनेशनमध्ये बदल झाला आहे’ अशी एरर आली. तिथे कोणी काहीच लिहिलेले नाही!

उत्तर : लिहायची गरजही नसते. कोणी फोल्डर उघडून पाहिले आणि ‘एटाइम’ चालू असेल, तर फाइल वाचल्याची वेळ नोंदली जाते. तोही बदलच. शेवटच्या सामाईक (दोन्हीकडे असलेल्या) स्नॅपशॉटवर रोलबॅक करा, म्हणजे डेटासेट त्या स्थितीला मागे न्या, आणि बॅकअपच्या डेटासेटवर ‘रीडओन्ली’ ऑन करा. रिसीव्हला त्याची अडचण होत नाही.

पुष्कळ जण अशा वेळी रिसीव्हला कायमचा कॅपिटल ‘एफ’ (जबरदस्तीने रोलबॅक करणारा पर्याय) लावून मोकळे होतात. हे धोक्याचे आहे. सेंडला ‘आर’ असताना ‘एफ’ लावला, तर मूळ सर्व्हरवरून गेलेले स्नॅपशॉट बॅकअपवरूनही पुसले जातात. जुन्या तारखा जपण्यासाठीच तर बॅकअप असतो!

याहून मोठे नुकसान सामाईक स्नॅपशॉट हरवल्याने होते. जुने स्नॅपशॉट साफ करणारी स्क्रिप्ट नेमका शेवटचा पाठवलेलाच उडवते, मग फरक काढायला आधार उरत नाही आणि ४ टीबी पुन्हा पाठवावे लागतात. शेवटच्या पाठवलेल्या स्नॅपशॉटवर दोन्हीकडे ‘होल्ड’ (पुसू न देणारी खूण) लावा आणि पुढची फेरी यशस्वी झाल्यावरच काढा. मूळ सर्व्हरवर त्याचा ‘बुकमार्क’ही (डेटा नसलेली, फक्त स्नॅपशॉटची नोंद) करून ठेवा. तो जवळजवळ जागा घेत नाही, आणि मूळ सर्व्हरवरचा स्नॅपशॉट गेला तरी लहान ‘आय’ला पुरतो. मधले सगळे स्नॅपशॉट पाठवणाऱ्या कॅपिटल ‘आय’ला मात्र बुकमार्क चालत नाही, आणि बॅकअपवर तो स्नॅपशॉट असावाच लागतो.

प्रश्न : दर तासाला प्रत जाते. मग वेगळा बॅकअप हवा का?

उत्तर : चुकून पुसलेली किंवा रॅन्समवेअरने बिघडवलेली फाइल तासाभरात तिकडेही तशीच पोहोचते. तेव्हा उपयोग जुन्या स्नॅपशॉटचा. ते किती दिवस ठेवायचे हे बॅकअप सर्व्हरवर स्वतंत्र ठरवा. मूळ सर्व्हरवर आठवडाभराचे असले तरी इथे तीन महिन्यांचे ठेवता येतात.

डेटा बॅकअप सर्व्हरने ओढून घ्यावा, मूळ सर्व्हरने ढकलू नये. मूळ सर्व्हरवर बॅकअपची एसएसएच की (दूरच्या सर्व्हरवर शिरण्याची किल्ली) असेल, तर तिथे घुसलेल्याला दोन्ही प्रती मिळतात. ओढून घेताना मूळ सर्व्हरवर ‘झेडएफएस अलाऊ’ (अधिकार वाटणारी कमांड) वापरून वेगळ्या युजरला सेंड, स्नॅपशॉट आणि होल्ड एवढेच अधिकार द्या. ‘डिस्ट्रॉय’ देऊ नका.